टक्केवारी आणि माणसे

आपल्या देशातील एचआयव्ही-संसर्गाचा नकाशा एकाच रंगाचा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात संसर्गाचे प्रमाण देशभरात ०.२२ टक्के होते. मिझोराममध्ये मात्र ते २.३२, नागालँडमध्ये १.४५ आणि मणिपूरमध्ये १.१८ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा होता ०.३६.

हे आकडे वाचून ‘हा प्रश्न दूरच्या डोंगराळ राज्यांचा’ असे समाधान मानणे सोपे आहे. पण ते खरे नाही. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख, तर महाराष्ट्राची ११ कोटींहून अधिक होती. दर कमी असला तरी मुद्दल मोठे असेल, तर व्याजाची रक्कम मोठीच होते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच अंदाजानुसार महाराष्ट्रात सुमारे ३ लाख ९६ हजार व्यक्ती या विषाणूसह जगत होत्या. ही संख्या देशात सर्वाधिक होती.

प्रदेशागणिक हा फरक का पडतो? त्याचे मूळ तेथील लोकांच्या स्वभावात नसून विषाणूला मिळालेल्या वाटांत आहे. ईशान्येस म्यानमारच्या सीमेवरून हेरॉईन आले. एकच सुई अनेकांनी वापरली आणि संसर्ग थेट रक्तात शिरला. पुढे तो व्यसनाशी संबंध नसलेल्या जोडीदारांपर्यंतही पोहोचला. पश्चिम व दक्षिण भारतात वाट निराळी होती. महामार्ग, मालमोटारींचे तळ आणि मोठी शहरे यांमुळे हजारो पुरुष महिनोन्महिने घरापासून दूर राहिले. तेथील असुरक्षित संबंधांतून आलेला विषाणू त्यांच्यासह गावी परतला आणि उंबरठाही न ओलांडलेल्या पत्नीस, तिच्यापासून बाळास, त्याची लागण झाली.

म्हणूनच उपायही प्रदेशानुसार बदलतात. एके ठिकाणी निर्जंतुक सुया व व्यसनमुक्तीचे उपचार, दुसरीकडे निरोधाचा प्रसार आणि गर्भवतींची तपासणी. अशा प्रयत्नांच्या काळात, २०१० ते २०१९ या अवधीत, देशातील नवे संसर्ग सुमारे ३७ टक्क्यांनी घटले.

व्यापारी कुटुंबांशी या विषयाचा संबंध येथेच येतो. ज्या रस्त्यांवरून आपला माल येतो, त्याच रस्त्यांवर चालक आणि हमाल आयुष्य काढतात. त्यांपैकी एखाद्याला संसर्ग असल्याचे कळले, तर पेढीने काय करावे? एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने किंवा शेजारी बसल्याने हा विषाणू पसरत नाही. शासकीय केंद्रांत २००४ पासून औषधे विनामूल्य मिळतात. ती नियमित घेणारा माणूस दीर्घकाळ काम करू शकतो. केवळ संसर्गामुळे त्याला कामावरून काढणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. संमतीवाचून चाचणी करणेही तसेच.

नोकरी गेली की औषधासाठीचा प्रवासखर्च जातो, भीतीने आजार लपवला जातो, आणि लपलेला आजार वाढतो. नकाशावरचा रंग फिकट करण्याचे काम रुग्णालयांइतकेच दुकानाच्या गादीवरूनही होऊ शकते.