संगणकाचे दार नव्या शिक्षकास का उघडत नाही?

बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीपलीकडे गोराई हे गाव आहे. मुंबई महानगराचाच हा भाग. तथापि बोरिवलीहून तेथे जाण्यासाठी बोटीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा पडतो. अशा ठिकाणी शाळेचा संगणक अडला, तर जाणकार येईपर्यंत दिवस जातो. म्हणूनच साध्या अडचणींचे निदान तेथल्या तेथे करता येणे अगत्याचे आहे.

समजा, शाळेत नवे शिक्षक रुजू झाले. संगणकावर लिनक्स प्रणाली आहे. मुख्याध्यापकांनी त्यांच्या नावे खाते उघडले. परंतु संगणक त्यांना आत घेईना. अशा वेळी प्रथम एकच गोष्ट पाहावी : संगणक पासवर्ड नाकारतो, की तो स्वीकारूनही पुन्हा पहिल्याच पडद्यावर आणून सोडतो? या दोन लक्षणांची कारणे निरनिराळी आहेत.

पासवर्ड नाकारला जात असेल, तर आधी कळफलक तपासावा. लिनक्स इंग्रजी लहान व मोठी अक्षरे वेगळी मानते. शिवाय कळफलक मराठीवर राहिला असल्यास योग्य कळा दाबूनही अक्षरे चुकीची उमटतात, आणि पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्याने चूक ध्यानात येत नाही. दुसरे कारण असे की, ‘यूजरॲड’ ही आज्ञा केवळ नावाची नोंद करते. पासवर्ड निराळा द्यावा लागतो. तो दिला जाईपर्यंत खाते कुलूपबंद असते. ‘पासवर्ड’ या इंग्रजी शब्दातील ‘ओ’ व ‘आर’ गाळून लिहिलेली आज्ञा, पुढे शिक्षकांचे खातेनाव जोडून, व्यवस्थापकाने दिली की हे काम होते. पासवर्ड संगणकात सांकेतिक रूपात साठवलेला असतो. तो व्यवस्थापकालाही वाचता येत नाही. नवा मात्र देता येतो.

पासवर्ड स्वीकारूनही पहिला पडदा परत येत असेल, तर दोष बहुधा ‘होम’ कप्प्यात असतो. प्रत्येक खातेदाराच्या फाइली ठेवण्यासाठी असा स्वतंत्र कप्पा लागतो. डेबियन घराण्यातील प्रणालींवर ‘यूजरॲड’ तो आपोआप तयार करत नाही. ‘ॲडयूजर’ ही आज्ञा मात्र कप्पा व पासवर्ड दोन्हींची व्यवस्था लावते. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ प्रणाली याच घराण्यातील आहे. कधी कप्पा असतो, पण त्याची मालकी व्यवस्थापकाकडेच राहिलेली असते. ती ‘चोन’ आज्ञेने खातेदाराकडे द्यावी. डिस्क पूर्ण भरल्यासही हेच लक्षण दिसते.

खात्री करून घ्यावयाची असल्यास कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. बहुतेक प्रणालींवर अक्षरी पडदा उघडतो. तेथे प्रवेश करताना कप्पा नसल्यास तसा संदेश स्पष्ट शब्दांत मिळतो.

या खटपटीला कंटाळून व्यवस्थापकाचाच पासवर्ड नव्या माणसास देण्याचा मोह होतो. तो टाळावा. एकाच नावाने दहा जण काम करू लागले, तर विद्यार्थ्याचा गुण किंवा दाखल्यावरील तारीख कोणी बदलली, हे पुढे कोणासच सांगता येणार नाही. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असणे ही सोय आहेच. त्याहून अधिक ती उत्तरदायित्वाची हमी आहे.