मुरगावची चार जहाजं : उभ्या जहाजाची भीती कशाला?

जवाहरनगर, जिल्हा भंडारा इथून मी बोलतोय. आमचं गाव ऑर्डनन्स फॅक्टरीचं. इथे लहान पोरालाही ठाऊक असतं की दारूगोळ्याइतकीच माहितीही जपायची असते. आजची गोष्ट अशाच माहितीची आहे.

सप्टेंबर १९३९. युद्ध सुरू झालं आणि समुद्रावर असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांना आसरा हवा होता. मुंबई इंग्रजांची, पण गोवा पोर्तुगीजांचा, आणि पोर्तुगाल तटस्थ. म्हणून एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजं मुरगाव बंदरात नांगर टाकून बसली. ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाजही तिथेच होतं.

आता तुम्ही म्हणाल, उभ्या जहाजाची भीती कशाला? तर इंग्रजांच्या गुप्त मोहिमा चालवणाऱ्या एसओई या संघटनेला संशय होता की एरेनफेल्सवर चोरून वायरलेस चालतो. मुंबईहून कोणतं जहाज कधी सुटतं ही खबर गोव्यात पोचायची, तिथून ती वायरलेसवरून जर्मन पाणबुड्यांना मिळायची, असा त्यांचा अंदाज.

पण तटस्थ बंदरात नौदल घुसवणं म्हणजे पोर्तुगालशी भांडण ओढवून घेणं. म्हणून काम दिलं कोणाला? कलकत्ता लाइट हॉर्समधल्या मध्यमवयीन हौशी स्वयंसेवकांना! एरवी ही मंडळी कंपन्यांमध्ये नोकऱ्या करणारी. हुगळीतला गाळ वाहून नेणारं ‘फीबी’ नावाचं बार्ज त्यांना मिळालं. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते एरेनफेल्सला जाऊन भिडले. चकमकीत कप्तानासह काही जर्मन मारले गेले. जहाज पळवून न्यायचा बेत होता, पण खलाशांनीच ते बुडवलं. ते पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनीही आपापली जहाजं बुडवली.

ही गोष्ट बरीच वर्षं झाकलेली राहिली. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचं पुस्तक आलं आणि १९८० मध्ये ‘द सी वुल्व्ह्ज’ हा सिनेमा. त्यानंतर ‘या छाप्यामुळे पाणबुड्या आंधळ्या झाल्या’ असं सर्रास सांगितलं जाऊ लागलं.

इथे जरा थांबू या. मार्च १९४३ च्या सुरुवातीला हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांचा मोठा हल्ला झाला तो दक्षिण आफ्रिकेच्या डर्बनजवळ. मुरगावपासून हजारो किलोमीटर दूर! तिथल्या शिकारीला मुंबईच्या खबरीची गरज किती होती? शिवाय छाप्यानंतर जहाजं कमी बुडाली असं धरलं, तरी ती छाप्यामुळेच कमी बुडाली, हे कुठे सिद्ध होतं? पाणबुड्यांनाही डिझेल संपलं, टॉर्पेडो संपले की परतावं लागतंच.

म्हणून पाळत ठेवण्याच्या गोष्टी ऐकताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. काय दिसलं? त्यावरून काय ताडलं? आणि नंतर त्याचा पुरावा मिळाला का? मुरगावात दिसली चार जहाजं. बाकीचं बरंचसं ताडलेलं होतं, आणि त्या अंदाजावर माणसं मेली.