एकवीस पत्री आणि देवाचे रान

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पार्थिव गणेशाच्या पूजेत एकवीस नामांनी एकवीस पत्री वाहण्याचा प्रघात आहे. वक्रतुंडास शमी, एकदंतास डोरली, विनायकास केवडा. आणि एरवी गणपतीस वर्ज्य मानलेली तुळसही या एका दिवशी त्याच्या चरणी जाते. ही यादी सावकाश वाचली तर तीत सारे शिवार सामावलेले दिसते. रुई, धोतरा, आघाडा ही बांधावरची, माका ओलसर जागेचा, अर्जुनसादडा नदीकाठचा, विष्णुक्रांता माळाच्या गवतात लपलेली, शमी कोरड्या मुलखातली.

आज बाजारात पत्रीची जुडी मिळते. पण तीत काय काय आहे हे विकणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसते. शमी म्हणून कोणत्याही काटेरी झुडपाची डहाळी खपून जाते. मागणी पुरी करण्यासाठी डोंगरउतारावरची लहान रोपे मुळासकट उपटली जातात आणि बी धरण्यापूर्वीच नाहीशी होतात. पूजेस पान हवे असते, रोपाचा जीव नव्हे.

यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. देवाच्या नावे रान राखण्याची रीत सह्याद्रीत फार जुनी. काळकाई, वाघजाई यांच्या देवरायांतून वाळकी काटकीही उचलू नये, हा दंडक अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. १९७०च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी या रायांचा शास्त्रीय अभ्यास केला. पुढे महाराष्ट्रात अडीच हजारांहून अधिक देवराया नोंदल्या गेल्या. भोवतालचा डोंगर उघडा पडला तरी येथे जुने वृक्ष, गारंबीसारख्या अजस्र वेली आणि पाण्याचे झरे टिकले. देशी झाडांचे बियाणे देवीनेच असे सांभाळून ठेवले आहे.

अलीकडे काही गावांत ग्रामस्थ व स्वयंसेवक गावाच्या संमतीने या झाडांचे गळून पडलेले बी वेचून रोपे वाढवू लागले आहेत. देवळालगतच्या मोकळ्या जागेत याच रोपांबरोबर पत्रीचीही लागवड करता येईल. पत्रीसाठी देवराईत मात्र हात घालू नये.

हे काम वर्षभराचे आहे. बेलफळ वैशाखाच्या सुमारास पिकते. त्याचे बी ताजेच पेरलेले बरे. जांभळाची बी तर फळ खाल्ल्याबरोबर मातीत गेली पाहिजे. दूर्वांच्या पेरे असलेल्या काड्या रुजवल्या की पुरे. केवडा ओढ्याकाठीच लावावा, आणि त्यास भरपूर जागा ठेवावी. हादगा भराभर उंच होतो. बेल मात्र आपल्या धीराची परीक्षा पाहतो. रुई-आघाडा लावावेच लागत नाहीत. उत्सवाआधीच्या साफसफाईत ते उपटले नाहीत म्हणजे झाले. आषाढात लावणीच्या दिवशी छायाचित्रासाठी पुष्कळ हात पुढे येतात. चैत्रात घागरभर पाणी घालणारे आणि त्याआधी फाल्गुनात वणव्याची जाळपट्टी काढणारे हात थोडे. खरी सेवा तीच, असे आम्ही मानतो.

देवळांभोवती लवकर हिरवाई दिसावी म्हणून मादागास्करचा गुलमोहर नि मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प लावण्याची घाई झाली. गिरिपुष्पास आपल्याकडे ‘उंदीरमारी’ म्हणतात. ते गणेशमंदिराच्या कुंपणाशी उभे पाहिले की मूषकराजाची काळजी वाटते!

विसर्जनाच्या वेळी पत्रीचे निर्माल्य वेगळे काढून, त्यातील दोरे व सजावटीचे कागद वेचून, याच रोपवाटिकेच्या खतखड्यात टाकता येईल. पुढील वर्षीच्या पिशव्यांत तीच माती भरली जाईल.

एक पत्र मात्र येथे उगवणार नाही. देवदार हिमालयाचा, आपल्या उन्हाळ्यात तो तग धरीत नाही. जो उपचार उपलब्ध नसेल त्याच्या जागी अक्षता वाहण्याची मुभा पूजाविधीतच आहे. तेव्हा सुराग्रजाच्या नावाशी चिमूटभर अक्षता वाहाव्यात.