पडद्यावरील बालपण कोणाचें ?

नाशकास आपल्या चित्रपटाचें माहेर म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. त्र्यंबकेश्वरीं 1870 सालीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईंत पुरा केला खरा; परंतु त्यानंतर संसार आणि कॅमेरा घेऊन ते नाशकासच आले. त्यांच्या 1919 सालच्या 'कालिया मर्दन' मूकपटांतील बाळकृष्णाच्या खोड्या आजही पाहणारास हंसवितात. आणि तो खट्याळ कृष्ण म्हणजे फाळक्यांची कन्या मंदाकिनी! त्यापूर्वीं तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नामक तरुणास लुगडें नेसावें लागलें होतें. स्त्रियांस तें बंद दार दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनीं 'मोहिनी भस्मासुरां'त लौकरच उघडून दिलें. पडद्यावर कोणाच्या घरचें मूल दिसावें, हा प्रश्न मात्र पुढें शंभर वर्षें कोणी फारसा विचारला नाहीं.

वयांत येऊं लागलेल्या मुलाची फजिती हा विनोदाचा अक्षय्य झरा आहे. मिसरूड फुटूं लागतें, आरशाशीं मैत्री जमते, आणि वर्गांतील एका मुलीशीं बोलण्याची वेळ आली कीं जीभ टाळ्यास चिकटते ! मिलिंद बोकील ह्यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके ह्यांनीं 2011 सालीं काढलेल्या 'शाळा' चित्रपटांत हें सारें आम्हांस दिसलें व तात्काळ ओळखूंही आलें. येणारच, त्यांतील जोशी हा आमच्याच घरांतला मुलगा होता.

नागराज मंजुळे ह्यांच्या 2013 सालच्या 'फँड्री'तील जब्या मात्र कैकाडी कुटुंबांतला आहे. तोही वर्गांतल्या शालूवर भाळला आहे. काळ्या चिमणीची राख शिंपडली म्हणजे मुलगी वश होते, ह्या भाबड्या समजुतीनें तो मित्रासह गलोल घेऊन रानोमाळ भटकतो. जीनची विजार घ्यावयाची म्हणून सायकलवरून बर्फाच्या कांड्या विकतो. ह्या खटाटोपास आम्ही मनमुराद हंसलों. जब्याचें काम करणारा सोमनाथ अवघडे पूर्वीं कधीं पडद्यावर आला नव्हता. हलगी वाजवितांना तो दिग्दर्शकाच्या दृष्टीस पडला, आणि त्याच भूमिकेसाठीं त्यास बालकलाकाराचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. साळुंक्यांस हुडकून काढणाऱ्या फाळक्यांची येथें आठवण होते.

आमच्या हंसण्याची परीक्षा झाली ती शेवटीं. गांवच्या पुढाऱ्याच्या सांगण्यावरून जब्याच्या कुटुंबास डुकरें धरावीं लागतात, आणि तींही शाळेच्या शेजारीं. 'फँड्री' ह्या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर. मध्येंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. सारें कुटुंब जागच्या जागीं स्तब्ध उभें राहतें आणि हातीं येऊं घातलेलें डुक्कर निसटून जातें. प्रसंग विनोदीच आहे. पण पुढें बघ्यांची गर्दी जमते. त्यांत वर्गांतलीं मुलें हंसतात, शालूही हंसते, आणि आपणही ह्या गर्दींतलेच एक आहों हें ध्यानीं येतांच हंसूं ओंठांवर गोठतें. अखेरीस जब्यानें भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकांच्याच रोखानें येतो.

कित्येक सुशिक्षित मंडळी विचारतात कीं, कलेंत जात कशाला आणावी ? आमचें नम्र उत्तर असें कीं, जोशी पडद्यावर असतांनाही ती तेथें होतीच. आपणांस ती दिसली नाहीं, एवढेंच. आपल्यासारखें घर दिसलें कीं त्यास 'सर्वसाधारण' म्हणावें आणि दुसऱ्याचें दिसलें कीं त्यास 'जातीचें चित्र' म्हणावें, हा न्याय नव्हे. ज्या नाशकांत 2 मार्च 1930 रोजीं काळाराम मंदिराच्या बंद दारांसमोर सत्याग्रह सुरू झाला, तेथील कुटुंबांस हें अधिक फोड करून सांगण्याची गरज नसावी.

हा चित्रपट घरांतील जाणत्या मुलांस अवश्य दाखवावा. वडील मंडळींनींही शेजारीं बसावें. मात्र "बाबा, तीं सगळीं मुलें कां हंसत होतीं ?" असें मुलानें विचारल्यास उत्तर देण्याची तयारी ठेवून बसावें.