काटा थांबला, तरी चरबी घटत असू शकते
नियमित व्यायाम सुरू केल्यावर काही आठवडे वजनाचा काटा हलत नाही, आणि अनेक जण निराश होऊन जेवणच सोडतात. पण काटा फक्त चरबी मोजत नाही. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंना किंचित सूज येते. शिवाय त्यांत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) वाढतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. हरभरे भिजवले की जड होतात, तसंच हे. म्हणून आठवड्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. दोनेक महिन्यांनंतरही वजन आणि घेर दोन्ही जागेवरच असतील, तर ताटाकडे पाहावं: व्यायामानंतरची भूक नकळत दोन घास वाढवते. उपाशी राहणं मात्र टाळाच. त्यात स्नायूही झिजतात.