परसातील कोंबड्यांचे घरगुती खाद्य : हिशेब आणि दक्षता

शाळेच्या स्मरणिकेत कोंबडीच्या खाद्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. या वसतिगृहात मुले पाठविणाऱ्या कित्येक भूमिहीन घरांत आईच्या हाती येणारा स्वतःचा पैसा अंड्यांचाच असतो. आमच्या मातोश्रींनीही आमच्या वह्या अंडी विकूनच घेतल्या. म्हणून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही परसात वीस कोंबड्या पाळल्या. तयार खाद्य महाग, म्हणून केवळ तांदळाची कणी घातली. कोंबड्या जगल्या, परंतु अंडी घटली आणि कवचे बोट लागताच फुटू लागली. दोष कोंबड्यांचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे एक घटना आठवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डच वैद्य ख्रिस्तियान आयकमान बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. रुग्णालयातील सडीक तांदळाचा भात खाणाऱ्या त्यांच्या कोंबड्या पायांतून लुळ्या पडल्या. असडीक तांदूळ मिळताच त्या बऱ्या झाल्या. आपण फेकतो त्या कोंड्यातच ब-१ जीवनसत्त्व होते. या संशोधनासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे, हा धडा कोंबड्यांनीच माणसाला दिला.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असावे. त्यासाठी दहा किलोंचे मिश्रण असे करता येते :

मक्याचा भरडा – ५ किलो
शेंगदाण्याची पेंड (ढेप) – २ किलो
गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा – १.५ किलो
सुक्या मासळीची पूड – ५०० ग्रॅम
शिंपल्यांचा चुरा – ८०० ग्रॅम
खनिज मिश्रण – १७० ग्रॅम
मीठ – ३० ग्रॅम

मका शक्ती देतो, पण त्यात प्रथिने जेमतेम नऊ टक्के. पेंडीत ती चाळीस टक्क्यांच्या घरात असतात; मात्र पेंडीतील प्रथिनांत लायसिन व मेथिओनिन हे घटक कमी पडतात, ते मासळी पुरविते. कवच घडते ते शिंपल्यांतील कॅल्शियममधून. मासळी खारवलेली असेल तर वेगळे मीठ घालू नये. मक्याऐवजी काही भाग ज्वारी चालते. सोयाबीन वापरायचे झाल्यास ते भाजूनच वापरावे; कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनांचे पचन अडते. आधी मीठ, खनिजे व मासळी थोड्या भरड्यात कालवावी, मग ते सर्वांत मिसळावे. म्हणजे प्रत्येक घासात सारखा वाटा येतो.

हे खाद्य लहान पिल्लांना घालू नये. त्यांना प्रथिने अधिक लागतात, पण इतक्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

सर्वांत मोठा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. कारण शोधता बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड सापडली आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. उन्हात वाळवून अथवा भाजून ते पुरते नाहीसे होत नाही. म्हणून कुबट वास येणारी, गाठी धरलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. पावसाळ्यात मिश्रण पंधरा दिवसांपुरतेच करावे व पोते जमिनीपासून उंच, फळीवर ठेवावे.

बंदिस्त कोंबडीस दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. दिवसभर उकिरडा उकरणारी, किडे व पाला टिपणारी कोंबडी निम्म्यावर भागविते. नवे खाद्य एकदम सुरू न करता आठवडाभरात हळूहळू बदलावे.

पालकांना एक विनंती. सुटीत मुले घरी आली की तराजू आणि वही त्यांच्या हाती द्या. किती खाद्य गेले, किती अंडी आली, हे त्यांना रोज लिहू द्या. महिन्याअखेरीस वजाबाकी करून शिल्लक आईला दाखवू द्या. शेकडेवारीचा धडा तर पक्का होईलच. शिवाय आईच्या कष्टाची किंमत किती, हेही त्यांना आकड्यांत कळेल.