बिनतारी क्रेन सुरू करण्यापूर्वी

आपल्या व्यापारी बंधूंच्या लोखंडाच्या, संगमरवराच्या व यंत्रसामग्रीच्या गोदामांत, तसेच बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणच्या ओतशाळांत, छताखालून धावणारी क्रेन आता बिनतारी रिमोटने चालविली जाते. लोंबत्या तारेपासून सुटका झाली; परंतु टनावारी ओझे तळहाताएवढ्या पेटीच्या स्वाधीन झाले. ही पेटी सुरू करण्याचे काम क्षणाचे असले, तरी त्याचा क्रम चुकल्यास खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून तो क्रम येथे विशद करीत आहोत.

प्रथम पेटीवरील क्रमांक क्रेनवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. प्रत्येक पेटीचा सांकेतिक क्रमांक तिच्याच क्रेनवरील ग्राहकयंत्राशी जुळविलेला असतो. एका छताखाली दोन क्रेन असल्या आणि पेट्यांची अदलाबदल झाली, तर हालचाल आपल्यासमोर न होता भलतीकडेच होते. नंतर पेटीला तडा गेला आहे काय, कळांवरील रबर फाटले आहे काय, दाबलेली कळ सोडताच वर येते काय, हे पाहावे. अडकलेली कळ म्हणजे न दिलेली आज्ञा होय.

त्यानंतर तांबडी थांबा-कळ दाबलेली ठेवूनच भारित बॅटरी बसवावी. चालविणाऱ्याने आकडा व त्याचा मार्ग स्पष्ट दिसेल अशा जागी उभे राहावे व आकड्याखालून सर्वांना दूर करावे. क्रेनचा मुख्य विद्युत्पुरवठा चालू करावा, किल्ली फिरवावी, तांबडी कळ वळवून मोकळी करावी आणि हालचालीच्या कोणत्याही कळेवर बोट न ठेवता प्रारंभाची कळ दाबावी. यंत्रागणिक यात थोडा फरक असतो. तेथे निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी.

दिवा लागला म्हणजे काम संपले असे नव्हे. रिकाम्या आकड्यानेच एक हालचाल सुरू करून तांबडी कळ दाबावी. क्रेन तत्काळ थांबली पाहिजे व पुन्हा प्रारंभ केल्यावाचून हलता कामा नये. मग वर-खाली, मागे-पुढे व दोन्ही बाजूंना मंद गतीने चालवून प्रत्येक कळ आपलीच दिशा दाखविते याची खात्री करावी. ही परीक्षा प्रत्येक पाळीच्या आरंभी व्हावी. काही उणे आढळल्यास मुख्य स्विच बंद करून किल्ली मुकादमाकडे द्यावी. “आजचा दिवस चालवून घेऊ” हा विचार मनातही आणू नये. काम संपल्यावर तांबडी कळ दाबून किल्ली काढून ठेवावी. किल्लीसह पडून असलेली पेटी कोणाही अजाण हाताला आज्ञा करू देते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचल-यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा तज्ज्ञाकडून तपासणी घालून दिली होती. पुढे कायद्याचे रूप बदलले, तरी वार्षिक तपासणीने रोजची परीक्षा टळत नाही.

आपल्या आचारधर्मातील पाच समितींत आदाननिक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना व ठेवताना जीव दुखावू नये, ही जागरूकता. ती साधूंसाठी सांगितली असली, तरी ज्याच्या गोदामात टनावारी माल उचलला जातो त्या गृहस्थालाही ती तितकीच लागू आहे. गाडी भरण्यास पाच मिनिटे उशीर झाला तर तो भरून निघतो. गेलेला हमाल परत येत नाही.